क्रॉसबोचा बाण उपटला की टोक आतच राहतं: इन्सर्ट इपॉक्सीने बसवावं की हॉट मेल्टने?

ओहायोतला कोल्हापूरकर

मंडळी, इथे ओहायोत घरामागच्या मोकळ्या जागेत चार वर्षं क्रॉसबो (बंदुकीसारखा धरून चाप ओढायचा आडवा धनुष्य) चालवतोय. परवा ३० यार्डांवरून बाण मारला, उपटायला गेलो तर हातात नुसती पोकळ नळी आली. टोक आणि इन्सर्ट (ज्याच्या आट्यांत टोक फिरवून बसवतात ती धातूची बारीक खोळ) दोन्ही टार्गेटच्या फोममध्येच. नळीच्या तोंडात बोट फिरवलं तर गोंदाचा पापुद्रा एकाच बाजूला. दुसरी बाजू कोरडी ठणठणीत. बाण नवाकोरा होता, इन्सर्ट कारखान्यातच बसवलेलं.

माझं मत पक्कं झालंय: क्रॉसबोच्या बाणाला हॉट मेल्ट (तापवला की वितळणारा, गार झाला की घट्ट होणारा गोंद) नको. हे बाण सेकंदाला ४०० फुटांच्या आसपास सुटतात. फोममध्ये घुसताना घर्षणाने तापतात, फोम वितळून नळीला चिकटतो. त्याच उष्णतेने आतला हॉट मेल्टही सैलावतो. लगेच उपटावं तर गोंद मऊ, थांबावं तर फोम घट्ट धरून बसतो. दोन्हीकडून इन्सर्टवरच ताण.

म्हणून मी दोन भाग कालवायचं इपॉक्सी वापरतो. नळीचं तोंड आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायचं, बोळा पांढरा निघेपर्यंत. इन्सर्ट सँडपेपरने खरखरीत करून तेही पुसायचं. इपॉक्सी लावून फिरवत फिरवत आत सारायचं, म्हणजे गोंद सगळीकडून बसतो आणि हवा कोंडत नाही. आट्यांत गोंद जाऊ द्यायचा नाही. मग २४ तास हात लावायचा नाही. झटपट गोंदाने एकदा केलं होतं. तो कडक होतो, पण ठोका बसला की तडकतो.

मिशिगनकर

दादा, इपॉक्सी कसं लावायचं ते बरोबर सांगितलंत, पण दोष गोंदाच्या माथी मारताय. तुम्ही बाण उपटता कसा, ते लिहिलंच नाही. बाण हलवून हलवून, वरखाली करत काढत असाल तर कुठलाच गोंद टिकणार नाही. एक तळहात टार्गेटवर, नळीला लागून सपाट दाबायचा. दुसऱ्या हाताने टार्गेटलगत रबरी पकड लावायची आणि ज्या रेषेत गेला त्याच रेषेत ओढायचा. फिरवावा लागला तर मागून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच. उलटा फिरवलात तर टोक आट्यांतून सुटून आत राहतं आणि आपण इन्सर्टला शिव्या घालतो. बाण मारण्याआधी नळीच्या पुढच्या वीतभर भागाला साबणाची वडी चोळा, निम्मा त्रास तिथेच संपतो. टोकही नळीच्याच जाडीचं हवं.

आणि इपॉक्सीचं लग्न कायमचं. इन्सर्ट वाकडं बसलं तर ते काढायला इतकी उष्णता लागते की नळीच्या कार्बनला बांधून ठेवणारं राळच बिघडतं. हॉट मेल्टमध्ये टोक जरा तापवलं की इन्सर्ट फिरवून परत सरळ करता येतं. मी प्रत्येक बाण फिरवून बघतो, टोक थरथरलं की लगेच दुरुस्त.

अजिंक्यताऱ्याखालून

मी साताऱ्यात मुलांना आर्चरी शिकवते. क्रॉसबो नाही, रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) आणि कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं धनुष्य). २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत आपल्या अदिती स्वामीने कंपाउंडचं सुवर्ण आणलं, तेव्हापासून मैदानावर पोरींची रांग लागलीय. आमच्याकडे पॉइंट (बाणाचं टोक) हॉट मेल्टनेच बसतात. पॉइंट गरम पाण्यात धरायचा, पकडीने ओढायचा, नवा बसवायचा. त्यामुळे मिशिगनकरांचं पटतं, निदान आमच्या बाणांपुरतं.

पण दोघांनीही एक गोष्ट सोडली. बाण उपटताना मागे कोण उभं आहे? झटक्यात सुटलेल्या बाणाचं मागचं टोक थेट पाठीमागच्याच्या डोळ्याच्या उंचीला येतं. आमच्याकडे नियम आहे: काढणारा एक, बाकीचे बाजूला, मागे कुणी नाही. तुमच्या अंगणात घरची पोरं असतील, म्हणून लिहिते.

नळी वाकवून बघा

मला दोघांचंही मान्य नाही. इन्सर्ट जोर लागून निघालं असेल तर आधी नळी तपासा, गोंदाचं नंतर. दोन्ही टोकं धरून हलकं वाकवायचं, थोडं फिरवून पुन्हा वाकवायचं, कानाशी धरून ऐकायचं. किंचितही कुरकुर आली, किंवा तोंडाशी केसाएवढी चीर दिसली, तर तो बाण मोडून कचऱ्यात. मोडूनच टाका, नाहीतर कुणीतरी उचलून पुन्हा वापरतो. चिरलेला कार्बन सुटतानाच फुटला तर त्याच्या काड्या हातात घुसतात. एक बाण वाचवायला बोटं पणाला लावू नका.

ओहायोतला कोल्हापूरकर

मिशिगनकर, बाण हलवून काढायची सवय मला आहे, हे कबूल. साबण आजच चोळतो. मॅडम, मुलगा मागेच उभा असतो, त्याला उद्यापासून टार्गेटच्या बाजूला उभा करतो. पण इपॉक्सी सोडणार नाही. तुम्ही म्हणता ते फिरवून बघणं मी गोंद ओला असतानाच करीन, तेवढी मिनिटं हातात असतात.

आणि हो, ती नळी वाकवून ऐकली. कुरकुरली. मोडून टाकली.

मिशिगनकर

गोंद ओला असताना टोक जड होऊन इन्सर्ट खाली घसरतं, तेव्हा बाण सुकेपर्यंत टोकावर उभा ठेवा. हॉट मेल्टला ही कटकट नाही, एवढंच म्हणतो.