अटक नोंदली, निकाल कुठे आहे?

अमेरिकेतल्या राज्यांनी शाईने बोटांचे ठसे घेणं सोडून लाइव्ह स्कॅन (ठसे थेट संगणकात टिपणारे स्कॅनर) बसवलं की गुन्हेगारी नोंदींचा प्रश्न सुटला, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. ठसे जुळवण्याचं काम बरंच सुधारलंय; एफबीआय या संघीय तपास संस्थेची ठसे जुळवणारी १९९९ची आयाफिस यंत्रणा जाऊन २०१४ मध्ये तिच्या जागी नवी 'नेक्स्ट जनरेशन आयडेंटिफिकेशन' पूर्णपणे सुरू झाली. खरी गळती पुढे आहे. अटकेची नोंद पोलीस ठशांसकट पाठवतात, पण खटल्याचा निकाल कोर्टाकडून यायचा असतो. त्या प्रकरणाचा दोन्हीकडचा क्रमांक जुळला नाही, तर निकाल त्या नोंदीला जोडलाच जात नाही. माणूस निर्दोष सुटलेला, आणि नोकरीच्या पडताळणीत नुसती अटक दिसते! हा फार मोठा अन्याय आहे. उलटही घडतं. शिक्षेची नोंद अपुरी असली, की बंदूक खरेदीची तपासणी रखडते, आणि सहसा तीन कामकाजी दिवस उलटले की संघीय कायद्यानुसार दुकानदाराला विक्री करता येते. नोंदी सुधारायला १९९५ पासून एनसीएचआयपी या संघीय सरकारच्या कार्यक्रमातून राज्यांना अनुदान मिळतंय. त्यातला पैसा आधी कोर्टं आणि राज्याचं नोंदभांडार जोडण्यावर खर्च व्हावा. नवे स्कॅनर नंतरही घेता येतील.