दुकानाची सुरक्षा तपासून घ्यायची आहे, काय काय बघावं?

इलेक्ट्रिकवाला_कराड:
आमच्याच लायनीतलं मेडिकल गेल्या आठवड्यात शटर उचकटून फोडलं. माझ्याकडे तांब्याच्या वायरची बंडलं असतात, झोप उडालीय. कॅमेरेवाल्याने आठ कॅमेऱ्यांचं कोटेशन दिलंय. एवढे लागतात का? आधी कुणाला दाखवून घेऊ?

शटर_फॅब्रिकेशन:
कोटेशन राहू द्या, आधी शटर बघा. दोन्ही टोकांना कुलपं असली तरी खालची पट्टी मधे मोकळी असते. तिथे पहार घालून पट्टी वर वाकवली की माणूस सरपटत आत जातो, कुलपं जिथल्या तिथे! सेंटर लॉक बसवा. त्याचा हूक काँक्रीटमध्ये पक्का हवा, नुसत्या फरशीत ठोकलेला एका हिसक्यात निघतो.

इलेक्ट्रिकवाला_कराड:
दादा, मागे पत्र्याचं गोडाऊन आहे. वायर तिथेच असते.

शटर_फॅब्रिकेशन:
मग ते पहिलं. पत्र्याच्या हुकांचे नट बाहेरच्या बाजूला असतात, साध्या पान्याने खुलतात. पत्र्याखाली लोखंडी जाळी वेल्ड करून घ्या आणि महागाची वायर पुढे हलवा.

मेडिकलवाली_ताई:
रात्री अकरानंतर बाहेरून एक फेरी मारा. अंधार कुठे आहे, कशावर पाय देऊन वर चढता येतं ते बघा. आमच्या मागच्या भिंतीला क्रेट रचलेले असायचे, म्हणजे आयता जिनाच. बीटच्या पोलिसांनाही एकदा दुकान दाखवा, त्या भागात चोर कुठून येतात ते त्यांना माहीत असतं. कॅमेरे चार पुरेत, पण एक तरी तोंडाच्या उंचीवर हवा. छताजवळच्या कॅमेऱ्यात नुसती टोपी दिसते. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, काउंटरखाली ठेवू नका, चोर जाताना तोच उचलतात.

हिशेबनीस:
विमा काढताना अटी वाचा. घरफोडीच्या विम्यात सहसा जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा लागतात, आणि स्टॉकची नोंद चोख हवी. रात्री गल्ला रिकामा करून उघडाच ठेवा, निदान ड्रॉवर तरी तुटत नाही.

इलेक्ट्रिकवाला_कराड:
सगळ्यांचे आभार. उद्याच वेल्डरला बोलावतो. बीट हवालदारांचा नंबर ठाण्यात मिळेल ना?

मेडिकलवाली_ताई:
मिळेल. तुमचाही रात्री लागणारा नंबर त्यांना लिहून द्या. गस्तीवर कुणाला शटर वाकलेलं दिसलं, तर फोन कुणाला करायचा ते कळायला हवं.