मदत हवी आहे: यलोस्टोनजवळ आरव्ही कॅम्पग्राउंड, सासू-सासरे सोबत, फुल हुकअप मिळत नाहीये

नमस्कार मंडळी,

आधी शोधून पाहिलं, पण आरव्हीवरचे (आत बेड, किचन, टॉयलेट असलेली मोठी गाडी) जे धागे सापडले ते सगळे "भाड्याने घ्यावी की नको" यावरच भांडून संपलेत. आमचं घ्यायचं ठरलंय, मला त्याच्या पुढचं विचारायचंय, म्हणून नवीन धागा काढतेय.

आम्ही न्यू जर्सीत असतो. सासू-सासरे पुण्याहून आलेत, ऑगस्टच्या शेवटी यलोस्टोन नॅशनल पार्क करायचंय. सॉल्ट लेक सिटीपर्यंत विमान, तिथून क्लास सी आरव्ही (ड्रायव्हरच्या डोक्यावर बेड असतो ती, २५ फुटी) आणि मुक्काम वेस्ट यलोस्टोनच्या (पार्कच्या दाराशी असलेलं गाव) एका फॅमिली कॅम्पग्राउंडवर. आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई-बाबा. आईंचे गुडघे दुखतात, बाबा एकदम फिट पण रात्री दोन-तीनदा उठावं लागतं.

आता प्रॉब्लेम. या कॅम्पग्राउंडवर सगळं मिसळून आहे, फुल हुकअपच्या साइट्स (पाणी, वीज आणि सांडपाण्याची लाइन, तिन्ही), मग नुसत्या वॉटर-इलेक्ट्रिकच्या, पलीकडे टेंटवाले, आणि लाकडी केबिन्स ज्यात बेड आणि लाइट आहे पण बाथरूम नाही. फुल हुकअप सगळ्या गेल्या. आम्हाला वॉटर-इलेक्ट्रिक मिळतेय, म्हणजे पाणी आणि वीज येणार पण सांडपाण्याची लाइन नाही, आणि वीज ३० अँप. कॉमन बाथहाउस आहे, लाँड्री आहे, स्विमिंग पूल आहे, पोरांना उड्या मारायला ती मोठी फुगलेली गादी आहे. रिव्ह्यू वाचले तर अर्धे लोक म्हणतात बाथरूम चकाचक आणि अर्धे म्हणतात सकाळी रांग असते, आता काय समजायचं?

तर प्रश्न असे की सहा माणसांत सांडपाण्याच्या लाइनशिवाय निभतं का, टाकी किती दिवसांत भरते आणि ती रिकामी करायची म्हणजे नक्की काय करायचं (नवरा म्हणतो यूट्यूब बघून करू, मला यूट्यूबचा भरवसा नाही), आई-बाबांसाठी शेजारची केबिन घ्यावी की त्यांना आरव्हीतच मागचा बेड द्यावा, आणि आमच्याकडे टॉयलेटला पाणी लागतंच, नुसत्या कागदावर आईंचं जमणार नाही, तर त्या टॉयलेटमध्ये पाणी वापरलेलं चालतं का. जाणकारांनी प्रकाश टाकावा प्लीज.

---

प्रतिसाद (कोलोरॅडोहून)

निभतं, काळजी नको. आधी टाक्या समजून घ्या. तीन असतात. पिण्या-वापरायच्या पाण्याची एक, सिंक आणि शॉवरचं पाणी जातं ती ग्रे, आणि टॉयलेटची ती ब्लॅक. २५ फुटी गाडीत प्रत्येकी साधारण ३० गॅलनच्या आसपास, कमी-जास्त असतं, गाडी घेताना विचारा. सगळ्यांना वाटतं ब्लॅकचं टेन्शन असतं, पण आधी भरते ती ग्रे, कारण आंघोळी. सहा जणांनी आत शॉवर घेतले तर दोन दिवसांतच टाकी भरल्याचा दिवा लागेल. आंघोळी बाथहाउसमध्ये केल्यात तर तीच टाकी पुष्कळ पुरते.

आतला गिझर ६ गॅलनचा असतो बहुतेक, म्हणजे जेमतेम २२-२३ लिटर. अमेरिकन लोक शॉवर चालू ठेवून उभे राहतात आणि पाच-सात मिनिटांत गार पाणी आलं की बोंबलतात. आपल्या लोकांना एक छोटी बादली आणि तांब्या द्या, एका गिझरमध्ये दोघांचं आरामात होतं. आईंना बाथहाउसपर्यंत जायचं नसेल तर हाच मार्ग.

टॉयलेटला पाणी वापरलेलं नुसतं चालत नाही तर चांगलंच असतं. ब्लॅक टाकीत पाणी कमी पडलं की घन भाग खाली बसून डोंगर होतो आणि मग रिकामी करताना निघत नाही. त्या टॉयलेटला पायाने दाबायचं पेडल असतं, अर्धं दाबलं की पाणी भरतं, पूर्ण दाबलं की खालचं झाकण उघडतं, हे आईंना पहिल्याच दिवशी शांतपणे दाखवून ठेवा. कागद मात्र आरव्हीचा म्हणून मिळतो तो लवकर विरघळणारा घ्या, आणि ओले वाइप्स अजिबात टाकू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी.

---

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला +१. रिकामी करायचं मी सांगतो, यूट्यूबची गरज नाही.

कॅम्पग्राउंडवर डंप स्टेशन असतं, म्हणजे जमिनीत एक झाकण असलेलं भोक, शेजारी धुवायचा नळ. गाडी अशी लावा की तुमचा व्हॉल्व्ह त्या भोकाच्या बाजूला येईल. हातमोजे घाला, पाइप आधी गाडीला फिरवून घट्ट बसवा, खटकन बसल्याचं कळतं, मग दुसरं टोक भोकात घालून त्याच्यावर दगड किंवा पाय ठेवा, हे महत्त्वाचं, कारण पहिल्या झटक्याला पाइप उडी मारतो. आधी ब्लॅकचा व्हॉल्व्ह ओढा. गडगड आवाज थांबला की तो बंद करा आणि मग ग्रेचा ओढा, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. ही ऑर्डर उलटी करायची नाही. शेवटी दोन्ही व्हॉल्व्ह बंद, पाइप धुवा, टॉयलेटमधून थोडं पाणी आणि केमिकलची पुडी ब्लॅक टाकीत टाका. पंधरा मिनिटांचं काम आहे, फक्त सकाळी दहा-अकराला जाऊ नका, चेक-आउटवाल्यांची लाइन असते तेव्हा.

आणि हो, डंप स्टेशनवर जो धुवायचा नळ असतो त्यातून प्यायचं पाणी भरायचं नाही. प्यायच्या पाण्याचा पाइप वेगळा, पांढरा असतो, आणि नळाला प्रेशर रेग्युलेटर लावून मगच गाडीला जोडा. काही कॅम्पग्राउंडला पाण्याचा जोर इतका असतो की गाडीतले प्लास्टिकचे जोड सुटतात.

---

प्रतिसाद (जरा वेगळं मत)

सगळे इतके उत्साहात आहेत म्हणून मुद्दाम लिहितेय. तुम्ही आरव्ही घ्या, मुलांना मजा येईल, पण आई-बाबांना केबिन द्या किंवा चक्क गावातल्या मोटेलमध्ये खोली घ्या. २५ फुटात सहा माणसं म्हणजे दोघं वर, दोघं मागे आणि दोघं जेवायच्या टेबलाचा बेड करून. तो बेड आखूड असतो आणि रात्री बाबा उठले की त्या बेडवरच्याचे पाय बाजूला करूनच बाथरूमला जाता येतं. शिवाय दारात चढायला पायऱ्या उंच असतात. गुडघेवाल्यांना दिवसात दहा वेळा ते चढणं-उतरणं म्हणजे शिक्षा. आरव्हीतच ठेवणार असाल तर हँडल असलेलं एक पायरीचं स्टूल नक्की घ्या.

---

धागाकर्ती

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद! पाइप उडी मारतो हे वाचून नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, यूट्यूबवाल्याने हे सांगितलं नव्हतं म्हणे.

मोटेल पाहिलं, त्या तारखांना मिळतंय ते आमच्या बजेटच्या बाहेर आहे. आणि खरं सांगू का, आईंनाच आरव्हीत राहायचंय. त्या म्हणाल्या केबिनमध्ये आम्हाला टाकून तुम्ही गाडीत मजा करणार होय. त्यामुळे तो विषय नाजूक झालाय 😅

अजून एक, स्वयंपाक. मी इंडक्शन न्यायचं म्हणतेय, ३० अँपवर चालेल ना? आणि कुकर न्यावा का?

---

प्रतिसाद

३० अँप म्हणजे १२० व्होल्टवर ३६०० वॅट, सगळं मिळून. इंडक्शन फुल ठेवलं तर १८०० एकट्यानेच खातं. त्यात कोणी मायक्रोवेव्ह लावला आणि कोणी चहाची इलेक्ट्रिक किटली, की ब्रेकर पडलाच. एका वेळी एकच मोठं यंत्र असा घरात नियम करा. एसीची ऑगस्टअखेर तिथे गरज नाही, उलट रात्री हीटर लागेल, वेस्ट यलोस्टोन साधारण २००० मीटर उंचीवर आहे आणि उन्हाळ्यातही पहाटे कडाक्याची थंडी पडते. गाडीचा हीटर प्रोपेन गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर, म्हणून वीज जोडलेली साइट मिळाली हे तुमच्यासाठी चांगलंच आहे. प्लग लावताना साइटवरच्या विजेच्या खांबावरचा ब्रेकर आधी बंद, प्लग घट्ट बसवा, मग ब्रेकर चालू.

कुकर न्याच न्या! त्या उंचीवर पाणी ९३ डिग्रीच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायला तुमची सुट्टी संपेल. फोडणी मात्र आत करू नका. एवढ्याशा जागेत मिरची-मोहरी तडतडली की स्मोक अलार्म कोकलायला लागतो आणि आजूबाजूचे सगळे बाहेर येऊन बघतात. साइटवर टेबल असतं, तिथे छोटी गॅस शेगडी लावा. आणि ताटं-पातेली आधी कागदाने पुसून मगच सिंकमध्ये. भाताची शितं, चहाचा चोथा आणि तेल ग्रे टाकीत गेलं की दोन दिवसांत असा वास सुटतो की सगळे ब्लॅक टाकीला उगाच शिव्या घालतात.

---

प्रतिसाद

बाहेर फोडणी करायला हरकत नाही, पण नंतर आवराआवर कडक ठेवा. हा अस्वलांचा भाग आहे. तेलाची बाटली, मसाल्याचा डबा, कूलर, घासायची भांडी, कचऱ्याची पिशवी, काहीही बाहेर टेबलावर सोडून झोपायचं नाही, सगळं गाडीच्या आत. मुलांच्या बिस्किटांचे पुडेसुद्धा.

त्याच कारणाने पार्कच्या आत फिशिंग ब्रिजला जे आरव्ही पार्क आहे तिथे टेंट किंवा कापडी भिंतीचे कॅम्पर चालत नाहीत, फक्त टणक भिंतीच्या गाड्या. यलोस्टोनच्या आत फुल हुकअप असलेलं ते एकच. रद्द झालेल्या बुकिंगवर नजर ठेवा, आधी लोक खूप लांबचं बुक करून ठेवतात आणि मग सोडतात. मिळालं तर तुमचा सांडपाण्याचा प्रश्नच मिटला, पण तिथे पूल-बील नाही हे मुलांना आधी सांगा.

अवांतर: २५ फुटी घेऊन मिडवे गीझर बेसिनला (तो रंगीत गरम पाण्याचा झरा, ग्रँड प्रिझमॅटिक) दुपारी पार्किंग मिळायची आशा ठेवू नका. सकाळी लवकर जा. ओल्ड फेथफुलला (जमिनीतून उसळणारं गरम पाण्याचं कारंजं) मोठ्या गाड्यांना भरपूर जागा आहे, वेस्ट यलोस्टोनहून ३० मैल पडतं. साधारण दर दीड तासाने उडतो, पुढची वेळ लिहिलेली असते. आणि रोज पार्कमध्ये जाताना आरव्हीचे सगळे पाइप-वायर सोडून निघावं लागतं, संध्याकाळी परत जोडायचं. जमत असेल तर जोडीला एक छोटी कार भाड्याने घ्या, आई-बाबांना चढ-उतरही सोपी.

---

प्रतिसाद (ड्रायव्हिंगबद्दल)

नवऱ्याला सांगा गाडीची उंची एका कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा, क्लास सी साधारण १२ फूट असते. ड्राइव्ह-थ्रू, जुने पेट्रोल पंप आणि कॅम्पग्राउंडमधल्याच झाडांच्या फांद्या, छप्पर तिथे लागतं. भाड्याच्या इन्शुरन्समध्ये वरच्या बाजूचं नुकसान बऱ्याचदा वगळलेलं असतं, तेवढी ओळ वाचाच. क्रेडिट कार्डाचं कव्हर तर आरव्हीला बहुतेक चालत नाही.

चालत्या गाडीत कोणी टॉयलेटला उठायचं नाही, सगळे बेल्ट लावून. बाबांसाठी दर दीड-दोन तासांनी थांबायचं आधीच ठरवा. आयडाहो फॉल्सनंतर यूएस-२० वर वारा असतो, उंच गाडी ढकलली जाते, हळू चालवा, मागे लाइन लागली तर लागू दे.

---

धागाकर्ती

अपडेट. फिशिंग ब्रिजला काही मिळालं नाही. कॅम्पग्राउंडला फोन केला, काउंटरवरची बाई फार छान बोलली. तिला साइटचा नकाशा समोर ठेवायला लावून विचारलं, तर वॉटर-इलेक्ट्रिकमधलीच पण बाथहाउसच्या समोरच्या रांगेतली साइट मिळाली, पुल-थ्रू आहे म्हणजे नवऱ्याला रिव्हर्स घ्यायला नको. अगदी चिकटून नको म्हटलं, रात्रभर दाराचा आवाज आणि लाइट. सकाळी सातच्या आधी गेलात तर रांग नसते असंही तिनेच सांगितलं, आणि आई-बाबा तसेही पाचला उठतात! आठवड्यात दोनदा टाकी उपसणारी गाडी साइटवर येते, वेगळे पैसे देऊन, म्हणजे डंप स्टेशनला नाही गेलं तरी चालेल. नवरा म्हणतो एकदा तरी तो स्वतः करणार. करू दे.

केबिन घेतली नाही. मागचा बेड आई-बाबांना, तिथून बाथरूम दोन पावलांवर आहे. टेबलाच्या बेडवर मी आणि धाकटी, वर नवरा आणि मोठा. छोट्या कारचं अजून ठरत नाहीये.

एकच राहिलं, आईंना रोज सकाळी देवाला निरांजन लावायचं असतं. गाडीत चालेल का?

---

प्रतिसाद (कोलोरॅडोहून)

गाडीत उघडी ज्योत नको, भाड्याच्या करारातही बहुतेक मनाई असते, आणि आत प्रोपेन आहे हे विसरू नका. बाहेरच्या टेबलावर लावू दे, पण आधी ऑफिसला विचारा, ऑगस्टअखेर त्या भागात वणव्यामुळे आगीवर बंदी येते, कधीकधी कॅम्पफायरसकट सगळं बंद असतं. बॅटरीवरचा दिवा मिळतो तो सोबत ठेवा. आणि निरांजन बाहेर लावलंत तर तुपाची वाटी उचलून आत न्या, अस्वलाचं वर लिहिलंच आहे.