मदत हवी आहे: क्यूबसॅट बोर्डच्या कोपऱ्यांची ताठरता किती धरायची?

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात क्यूबसॅटसाठी (छोट्या घनाकृती उपग्रहासाठी) पीसी/१०४ या प्रमाणित मापाच्या सर्किट बोर्डचं एफईएम मॉडेल (छोट्या तुकड्यांत विभागून केलेलं संगणकी गणित) करतो आहोत. एफआर-४ (काचतंतू-इपॉक्सीचा बोर्ड), जाडी 1.6 मिमी, सुट्या भागांसकट वजन 80 ग्रॅम, चार कोपऱ्यांत एम-३ स्टँडऑफ (3 मिमी स्क्रूचे आधारखांब). शेल एलिमेंट (पातळ पत्र्यासारखे तुकडे), E (लवचिकता गुणांक) 22 गिगापास्कल, भागांचं वजन पृष्ठभागावर पसरवलेलं.

अडचण कोपऱ्यांची आहे. भोकाभोवतीचे सगळे नोड (मॉडेलमधले बिंदू) पक्के बांधले तर पहिला मोड (कंपनाचा नैसर्गिक प्रकार) 215 हर्ट्झवर येतो. फिरायला मोकळे सोडले तर 150. टॅप टेस्ट (बोर्डला हलका ठोका देऊन केलेली मोजणी) सांगते 172. खरं उत्तर मधल्या फिरत्या स्प्रिंगमध्ये आहे, हे कळतं. पण 172 जुळेपर्यंत आकडा फिरवत बसणं मला पटत नाही. दुसरा मोड तरीही चुकतोच. स्क्रूचा टॉर्क, वॉशरचा व्यास यांवरून ही ताठरता आधीच कशी काढता? आणि 104 पिनांच्या कनेक्टरची ताठरता वेगळी धरता का? माझा संशय त्याच्यावरच जास्त आहे.

मोजणीबद्दल एक: इथं मे महिन्यात दुपारी खोली 43 अंशांवर जाते, अ‍ॅक्सेलरोमीटरखालचं (कंपन मोजणाऱ्या सेन्सरखालचं) मेण मऊ पडतं आणि दुसरा मोड दर ठोक्याला सरकतो. म्हणून आता पहाटे, सुपरग्लूचा पातळ थर देऊन मोजतो. सेन्सरचा 1 ग्रॅम मॉडेलमध्ये धरला आहे.

घाई यासाठी की जीईव्हीएसच्या (नासाच्या चाचणी मानकाच्या) 0.16 जी²/हर्ट्झ या यादृच्छिक कंपनाच्या पातळीला, Q (अनुनादातली वाढ) 13 धरून, माइल्सच्या सूत्राने (अशा कंपनाला मिळणाऱ्या प्रतिसादाच्या अंदाजाने) मध्यभागी थ्री-सिग्मा (प्रमाण विचलनाच्या तिप्पट) हालचाल सुमारे 0.6 मिमी येते. तिथंच मोठा बीजीए (खाली सोल्डरच्या गोळ्यांवर बसवलेली चिप) आहे, आणि वाकण्यानं त्याचे सांधे तुटण्याची भीती आहे.