अनुभव धागा: हायवेला स्पीड किती ठेवता, अ‍ॅव्हरेज किती मिळतं आणि गाडीचं तोंड कसं सांभाळता?

भीमाकाठ:
परवा गाडी धुवायला दिली तर धुणारा मुलगा म्हणाला काका, बोनेटला देवी येऊन गेल्यासारखं दिसतंय. वाकून बघितलं तर खरंच, बारीक पांढरे टवके, बोनेटवर २३ मोजले आणि बंपरचे मोजायचे सोडून दिले. गाडी अवघी चार वर्षांची. तिथेच उभ्या उभ्या बाबांची जुनी पद्मिनी गाडी आठवली.

सोलापूर-पुणे रस्ता तेव्हा एकपदरी. बाबा काटा ६० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत, मागून कितीही हॉर्न वाजवू देत. निघताना टाकी गळ्यापर्यंत, पोचल्यावर परत गळ्यापर्यंत, आणि डायरीत किमी आणि लिटर. ती डायरी माझ्याकडे आहे, "टेंभुर्णीला चहा. १२.८ पडलं" असल्या नोंदी. भिगवणच्या आसपास उजनीचं पाणी जवळ, तिन्हीसांजेला चिलटांचे थवे काचेवर आणि बोनेटवर चिकटायचे. घरी पोचलो की आम्ही जेवायला धावायचो आणि बाबा आधी बादली घ्यायचे. आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा ओला करून बोनेटवर पसरून ठेवायचे, मग हातपाय धुवायचे, मग येऊन हलक्या हाताने पुसायचे. किडा वाळला की रंग खातो म्हणायचे. गाडी विकली तेव्हा घेणाऱ्याने विचारलं होतं, पुढचा भाग परत रंगवलाय का. रंगवला नव्हता.

जानेवारीत भाच्याच्या लग्नाला नागपूरला गेलो. शिर्डीजवळ समृद्धीला चढलो की नागपूर ५२० किमी. जाताना १२० ला क्रूझ लावून, तेवढी लिमिट आहेच. येताना बाबांची आठवण म्हणून म्हणा, ९०-९५. बाबांच्याच पद्धतीने टाकी फुल ते फुल मोजलं: जाताना १३.६, येताना १८.१. साडेनऊ लिटरचा फरक, म्हणजे हजाराच्या आसपास. वाचला किती वेळ, तर सव्वा तास. आणि तो सव्वा तास मी नागपूरला पोचून पाठ धरून आडवा होण्यात घालवला.

तुमचे अनुभव लिहा. मला खरंच जाणून घ्यायचंय लोक काय करतात.

रानजाई:
साडीचा तुकडा वाचून गलबलून आलं. आमचे अण्णा ओला पेपर पसरायचे. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय

डिझेलवाला_सातारा:
माझा अनुभव २००० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे). टर्बो डिझेल आहे, सहाव्या गियरला ९५ च्या आसपास काटा २००० च्या खाली बसतो आणि तिथे गाडी अगदी शांत चालते, २१-२२ देते. ११० च्या पुढे गेलं की १७. पुणे-सातारा-कोल्हापूर कायम जातो म्हणून सांगतो, डॅशबोर्डवर जे अ‍ॅव्हरेज दिसतं त्यावर जाऊ नका, माझ्या गाडीत ते दीड-दोन जास्तच दाखवतं. भीमाकाठ यांच्या बाबांची डायरी हीच खरी पद्धत

खडूफळा:
शाळेत फिजिक्स शिकवते म्हणून हा हिशोब मांडल्याशिवाय राहवत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १२० म्हणजे वेग दीडपट, विरोध सव्वादोन पट. टायरचं घर्षण त्या मानाने फारसं वाढत नाही, म्हणून गावात अ‍ॅव्हरेजला ब्रेक आणि क्लच खातात आणि हायवेला हवा खाते.
आता गंमत बघा, बोनेटवर येणाऱ्या खड्याचंही तेच. खडा हवेत जवळजवळ स्थिर असेल आणि तुम्ही १२० ने त्याच्यावर जाऊन आदळलात तर ८० पेक्षा सव्वादोन पट जोराचा दणका. म्हणजे पेट्रोल आणि रंग ही दोन वेगळी बिलं नाहीतच, एकाच वर्गातून निघतात. नववीच्या मुलांना मी हेच उदाहरण देते आणि मग ती घरी जाऊन वडिलांना सांगतात, पालक सभेत दोघांनी येऊन आभार मानलेत!

घाटवळण:
^ हे भारी आहे, मुलाला वाचून दाखवलं

तळेगावकर:
मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे ९४.५ किमी. कारला घाट सोडून लिमिट १०० असली तरी ८० ने आणि १०० ने जाण्यात, पूर्ण रस्ता तसाच धरला तरी, फरक चौदा मिनिटांचा. आणि शनिवारी सकाळी घाटात कंटेनरच्या मागे अडकलात की ती चौदा मिनिटं जुना अमृतांजन पूल होता तिथेच जातात. मी रोज जायचो तेव्हा सहा महिने दोन्ही करून बघितलं. आता ८५ ला मधल्या लेनमध्ये, गाणी लावून

चटणीभाकर:
मधल्या लेनमध्ये ८५ ने जाणाऱ्यांमुळेच मागचे डावीकडून ओव्हरटेक करतात हो दादा. रागावू नका पण डावी मोकळी असेल तर डावीकडे घ्या

तळेगावकर:
डावीकडे ट्रक ४० ने असतात म्हणून मधली. पण मोकळी असेल तेव्हा घेत जाईन, बरोबर आहे तुमचं

माणगावची_मावशी:
आमच्याकडे स्पीडचा प्रश्नच कुठे येतो. मुंबई-गोवा हायवेवर इतकी वर्षं खडीचे पट्टे, गणपतीला लेक-जावई आले की आधी गाडीला नवीन काय लागलं ते बघायचं आणि मग आरती. इंदापूरच्या पुढे (आमचं रायगडातलं इंदापूर, पुणे जिल्ह्यातलं नाही) पुढच्या बसच्या चाकाखालून खडा उडाला आणि काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर. जावई ३० ने चालले होते. म्हणजे आपण हळू असून पुढचा जोरात असेल तरी लागतंच. त्यावर उपाय एकच, अंतर. जावई आता पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की "एक गणपती, दोन गणपती, तीन गणपती" मोजतात, त्याच्या आत आपण त्या खांबाशी पोचलो तर पाय उचलायचा. नातवंडंही मोजतात मागे बसून

रानजाई:
तीन गणपती!! आजपासून आमच्याकडेही सुरू 🙏

स्टेपनी:
माझे वडील ट्रक चालवायचे, वाळू आणि खडीच वाहायचे. म्हणून इथे डंपरवाल्यांना शिव्या पडण्याच्या आधी लिहितो. ताडपत्री बांधायला दोन माणसं आणि वीस मिनिटं लागतात आणि खेपेवर पैसे मिळत असले की मालक म्हणतो चल लवकर. वडील बांधायचे. त्यांचं म्हणणं, मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यात एक खडा गेला तर माझ्या घरात जेवण गोड लागणार नाही. भरलेला ट्रक ते ५० च्या वर न्यायचे नाहीत, डिझेल मालकाचं असूनही. मला गाडी शिकवताना पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं की भरलेल्या डंपरच्या मागे राहू नको आणि त्याच्या शेजारीही रेंगाळू नको, एकतर लांब रहा नाहीतर जागा बघून एका दमात पुढे जा. मागच्या जोडचाकात अडकलेला दगड सुटला तर काय करतो ते त्यांनी बघितलं होतं. मी आजपर्यंत पाळलंय. माझ्या बोनेटवर नऊ वर्षांत ६ टवके

भीमाकाठ:
स्टेपनी, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

स्टेपनी:
गेले ते २०२१ ला. पण सांगितला असं समजा, त्यांच्या फोटोसमोरच बसून टाइप करतोय

माणगावची_मावशी:
बाळा, असे वडील मिळायला भाग्य लागतं

बुलेटराणी:
टू व्हीलरवाल्यांचं पण ऐका कुणीतरी, आमचं पुढचं पेंट म्हणजे आमचं तोंड. ७० च्या वर हेल्मेटचा वायझर वर करून चालवूच नका. पावसाळ्याआधीची उडती वाळवी गळ्यात लागली तरी गोटी मारल्यासारखी लागते

ह्यूस्टनची_सई:
इकडे टेक्साससकट सगळ्या गल्फच्या पट्ट्यात लव्हबग म्हणून काळे किडे येतात, जोडीजोडीने उडतात, मे आणि सप्टेंबरच्या सुमाराला. हायवेला दोन तास गेलं तर पुढचा बंपर काळा. धुतले नाहीत आणि उन्हात गाडी एक-दोन दिवस राहिली की रंगात खड्डे पडतात, खरंच खातात, बाबांचं वाक्य शंभर टक्के बरोबर. आम्ही फडकं ओलं करून दहा मिनिटं ठेवतो, मग उचलून टाकतो, घासायचं नाही.
नवऱ्याच्या जुन्या गाडीला पूर्वी रेक्झिनसारखा मास्क होता, पुढच्या भागाला बांधायचा. काढला तर खाली रंग निराळाच! आत ओल आणि धूळ अडकून घासलं गेलं होतं आणि बाहेरचा भाग उन्हाने फिका. तेव्हापासून मास्क नाही, वॅक्स. वॅक्स असला की किडे सहज निघतात

कडक_चहा:
रॉकेलचा बोळा फिरवा, किडे डांबर सगळं एका मिनिटात. आमच्या स्टँडवर सगळे ड्रायव्हर हेच करायचे

ह्यूस्टनची_सई:
नको हो, वॅक्स निघून जातो, रबर खराब होतं आणि तेलकट थरावर धूळ बसते. डांबराच्या ठिपक्यापुरतं ठीक, लगेच साबणाने धुवायचं

पिंपरीचा_पेंटर:
या कामात आहे म्हणून थोडं लिहितो. कंपनीचा रंग, प्रायमर आणि वरचा क्लिअर सगळा मिळून माणसाच्या एक-दोन केसांएवढा जाड, साधारण १०० ते १५० मायक्रॉन. सिरॅमिक कोटिंग त्यावर अगदी पातळ थर असतो. चमक येते, चिखल पटकन निघतो, पण खडा अडवत नाही. गिऱ्हाईक १५ हजार देऊन येतं आणि महिन्यात टवका घेऊन रडतं, तेव्हा मलाच वाईट वाटतं. खडा अडवतो पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, ती रबरासारखा दणका पचवते. ती पूर्ण गाडीला लावायची गरज नाही, बोनेटची पुढची कड, बंपर, आरसे आणि हेडलाईट एवढं पुरे.
टवका पडलाच तर कुठे पडलाय ते बघा. बंपर प्लास्टिकचा, तो गंजत नाही, तिथे घाई नाही. बोनेट पत्र्याचं, तिथे पत्रा उघडा पडला तर पावसाळ्याआधी टचअप करून घ्या. धुवा, पूर्ण वाळवा, काडेपेटीच्या काडीचं टोक किंवा टूथपिक घेऊन फक्त खड्ड्यात रंगाचा थेंब. ब्रशने फासू नका, डाग मोठा दिसतो. दोन-तीन पातळ थेंब, मध्ये वाळू द्या. रंगाचा कोड गाडीवरच्या स्टिकरवर असतो.
आणि परत रंगवलेल्या बोनेटवर पीपीएफ लावायच्या आधी दहादा विचार करा, काढताना रंग सोबत येऊ शकतो

घाटवळण:
हेच झालं माझ्याबरोबर!! बोनेट एकदा रंगवलेलं होतं, पीपीएफ लावणाऱ्याला सांगितलं होतं, तो म्हणाला काही होत नाही. खाली धूळही राहिली होती. बोनेट, बंपर, आरसे मिळून ३२ हजार दिले होते. दोन वर्षांनी कड उचलली म्हणून काढायला गेलो तर हाताच्या पंजाएवढा रंग फिल्मला चिकटून बाहेर. अजून डोळ्यासमोर आहे. पेंटरदादा तुम्ही आधी भेटायला हवे होतात

पिंपरीचा_पेंटर:
हीट गनने गरम करून अगदी आडवं, हळू ओढावं लागतं, तरी खात्री नसते. वाईट झालं तुमचं

म्युनिकहून_मंदार:
जर्मनीत ऑटोबानच्या बऱ्याच भागात लिमिट नाही हे सगळ्यांना माहिती असतं पण शिफारस केलेला वेग १३० आहे हे कमी लोकांना माहिती असतं. मी पहिल्या वर्षी १६० ने जायचो, हौस. डिझेल वॅगन, १०० किमीला ८ लिटरच्या वर, म्हणजे आपल्या भाषेत साडेबाराच्या आत. आता ११० ला १०० किमीला ५ लिटर, म्हणजे २०. इकडे त्रास हिवाळ्याचा, रस्त्यावर मीठ आणि कुठे कुठे बारीक खडी टाकतात. खडीने टवका, मिठाने त्याच टवक्यात गंज, एकाच मोसमात. म्हणून ऑक्टोबरमध्ये टचअप, दिवाळीच्या साफसफाईसारखं

चटणीभाकर:
कुणी ई२० (इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल लिहिलं नाही? माझं अ‍ॅव्हरेज हळूच एकाने उतरलंय, स्पीड तोच

खडूफळा:
इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. २० टक्के मिसळलं की सरळ हिशोबाने सहा-सात टक्के. १५ चे १४, म्हणजे तुमचं एक तिथेच गेलं असणार. टायरची हवाही बघा पण, कमी हवा हे सगळ्यात गुपचूप पेट्रोल पितं

कडक_चहा:
आणि वर कॅरियर असेल तर काढा, रिकामा कॅरियर पण हवा अडवतो. मी वर्षभर फिरवत होतो

डिझेलवाला_सातारा:
हवा थंड टायरमध्ये, निघायच्या आधी. समृद्धीला तर नक्की, काँक्रीट आणि ऊन, तासन् तास एकाच स्पीडने टायर तापतात. जुने टायर घेऊन तिकडे १२० नको रे बाबांनो. माझ्या मित्राचा फुटला, गाडी दुभाजकाला. तो वाचला, पण वर्षभर काठी घेऊन चालत होता

रानजाई:
😔

एसी_बंद:
रेडिएटरपुढच्या जाळीबद्दल पण लिहायचं होतं. पनवेलच्या अलीकडे एक खडा बंपरच्या जाळीतून थेट एसीच्या कंडेन्सरला, गॅस गेला, मे महिना, मागे तीन महिन्यांचं बाळ. ओले पंचे घालून घरी आणलं. नंतर कुणाचं तरी ऐकून मच्छरदाणीची जाळी लावली तर घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला, हवाच जात नव्हती. आता मोठ्या भोकांची तारेची जाळी आहे आणि त्रास नाही. बाळ आता पहिलीत आहे

माणगावची_मावशी:
देवाची कृपा. लहान मूल असताना सोबत दशम्या आणि पाणी जास्तीचं ठेवत जा, कुठे अडकायला होईल सांगता येत नाही

ह्यूस्टनची_सई:
मावशी दशमी!! किती वर्षांत खाल्ली नाही. आई प्रवासाला करायची. कशा करता?

माणगावची_मावशी:
पाण्याचा थेंब नाही, सगळं दुधात. दोन वाट्या कणकेला पाऊण वाटी गूळ, कोमट दुधात विरघळवून गाळून घे, चमचाभर तूप, चिमूट मीठ. जाडसर लाट, मंद आचेवर. दोन दिवस सहज राहतात

भीमाकाठ:
बाबांच्या डायरीत पण आहे, "दशम्या मोहोळपर्यंत संपल्या." आम्ही सोलापूरहून निघायचो म्हणजे पहिल्याच तासात!
आज सकाळी बसून पेंटरदादांनी सांगितलं तसं काडेपेटीच्या काडीने २३ पैकी ९ भरले, बाकी उद्या. जवळून दिसतात, चार फुटांवरून नाही. शनिवारी सोलापूरला जायचंय, ९० च्या वर जाणार नाही आणि गाडीत साडीचा तुकडा ठेवलाय. आईनेच काढून दिला.

रानजाई:
कुठल्या साडीचा? 🙂

भीमाकाठ:
निळी, बारीक पांढऱ्या ठिपक्यांची. तीच म्हणे.