गोपनीय की गुप्त? क्वांटम संगणनातला शब्दप्रश्न

प्रश्न: सोलापूर विद्यापीठातल्या एमएस्सीच्या मुलांसाठी क्लाउडवरच्या क्वांटम संगणनाविषयी मराठीत टिपण लिहितेय. 'प्रायव्हसी'ला गोपनीयता लिहावं की गुप्तता? आणि 'ब्लाइंड क्वांटम कॉम्प्युटिंग'ला काय? 'अंध' लिहायला हात धजत नाही.

उत्तर: ताई, दोन्ही शब्द 'गुप्' धातूचेच, पण गोपनीय म्हणजे लपवण्याजोगं आणि गुप्त म्हणजे लपलेलंच. मंत्री गोपनीयतेची शपथ घेतात, कारण कागद त्यांच्या हातात असतो. आयबीएमने २०१६ साली पाच क्युबिटांचं (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातलं माहितीचं मूळ एकक) यंत्र क्लाउडवर खुलं केलं, तेव्हापासून आपणही असंच काम सोपवतो. सर्किट, म्हणजे आपण पाठवलेली गणिताची कृती, सर्व्हरला, म्हणजे कंपनीच्या यंत्राला दिसतं, भरवसा कंपनीच्या शब्दावर. तिथे 'गोपनीयता'च हवं.

ब्लाइंड पद्धतीत सर्व्हर गणित करतो, पण ते काय आहे हे त्याला कळत नाही, म्हणून भरवशाची गरजच उरत नाही. ब्रॉडबेंट, फिट्झसायमन्स आणि काशेफी या संशोधकांच्या २००९ च्या मांडणीत वापरकर्ता प्रत्येक क्युबिट आठांपैकी कुठल्यातरी एका कोनात तयार करून पाठवतो. कोणता, ते फक्त त्यालाच ठाऊक. सर्व्हर ते क्युबिट एकमेकांत गुंतवतो आणि सांगितलेल्या कोनांत मोजतो. सांगितलेल्या कोनात तो लपवलेला कोन मिसळलेला असतो, निकालही वापरकर्त्याने यदृच्छेने उलटवलेले. गणित जास्तीत जास्त केवढं असेल, एवढंच सर्व्हरला कळतं. ही गुप्तता.

दुसरं उत्तर: आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, जकार्ड (नक्षी विणणाऱ्या) मागांचं. चादरीची नक्षी पंचकार्डावर, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यावर उतरली की माग चालवणाऱ्याला ती दिसणारच. 'दुसऱ्याला देऊ नको' एवढंच मालक सांगू शकतो. म्हणून वरचा फरक मला तंतोतंत पटला.

'अंध' नकोच. सर्व्हर सगळं पाहतो, मोजतो. त्याला अर्थ लागत नाही, इतकंच.

ताई: मग 'अजाण संगणन'?

पहिले उत्तरदाते: नको. अजाण म्हटलं की निरागसपणा येतो, आणि इथे तर सर्व्हर लबाड असेल हेच धरून चालायचं असतं. झाकलेलं असतं ते गणित, म्हणून विशेषणही गणितालाच लावा. 'झाकलेलं संगणन' मला सरळ वाटतं. 'झाकली मूठ' आपण म्हणतोच.

एक आग्रह मात्र आहे. व्हिएन्नात २०१२ साली फोटॉनांवर (प्रकाशकणांवर) हे करून दाखवलं गेलं, पण त्या पद्धतीत वापरकर्त्याला स्वतः क्युबिट तयार करावे लागतात. मुलं लॅपटॉपवरून नेहमीचं सर्किट पाठवतात, त्याला टिपणात 'गुप्त' म्हणू नका. त्यांचा गैरसमज होईल.

ताई: पटलं. आजच्या सेवांना गोपनीयता, या पद्धतीला झाकलेलं संगणन. सर्व्हर खोटी उत्तरं देतोय का, हे पकडायला मध्येच पेरतात त्या 'ट्रॅप क्युबिट'ला सापळा-क्युबिट चालेल?