मदत हवी आहे: 'कॉल ऑफ' म्हणजे बोलावलं का रद्द? लवकर सांगा

आर्वीचा पोट्टा: कॉल ऑफ, कॉल इन, पुट ऑफ, यात फरक काय? गुगलवर टाकलं तर एकेकाचे दहा अर्थ येतात. अर्जंट आहे. व्याकरण नका शिकवू.

वऱ्हाडी मास्तर: कॉल ऑफ म्हणजे रद्द करणे, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे. लग्न कॉल ऑफ झालं तर मोडलं, पुट ऑफ झालं तर तारीख बदलली. पूर्ण वाक्य टाक बेटा.

कापूसवाला: काहून अर्जंट? तलाठीची परीक्षा हाय का? यादी पाठ कर. मी दोनशे केले होते.

वऱ्हाडी मास्तर: पाठ करून काय होणार? आपलं 'पडणे' घ्या. पाऊस पडतो, माणूस आजारी पडतो, बाहेर पडतो, तोंडघशी पडतो. याची यादी कोणी पाठ केली होती?

कापूसवाला: सर, ते घरी मायनं शिकवलं. इंग्रजीत मार्क यादीनंच पडले.

वऱ्हाडी मास्तर: 'मार्क पडले'. हे घ्या, आणखी एक.

आर्वीचा पोट्टा: परीक्षा नाही हो! सोमवारी नागपूरला जायचं का नाही, तेवढं सांगा. कंपनीचा मेसेज आला, कॉल ऑफ झालं म्हणून.

संत्रा बर्फी: मंग रद्द. नको जाऊ. तसंही लोक लेंड अन् बॉरोमधी जास्त चुकतात. देणारा लेंड करते, घेणारा बॉरो. आपल्याकडं दोन्हीले उसनंच म्हणतात.

आर्वीचा पोट्टा: उसन्याचं कोणी विचारलं?

वऱ्हाडी मास्तर: काय कॉल ऑफ झालं? मेसेज जसाच्या तसा टाक.

आर्वीचा पोट्टा: 'द ग्रुप डिस्कशन हॅज बीन कॉल्ड ऑफ. कॅन्डिडेट्स विल बी कॉल्ड इन वन बाय वन फ्रॉम 10 एएम.'

वऱ्हाडी मास्तर: अरे, रद्द झाली ती गटचर्चा! मुलाखत आहे. दहापासून एकेकाला आत बोलावणार. कॉल इन म्हणजे तेच. जा.

संत्रा बर्फी: हे आधी टाकलं असतं तर मी कशाले नाही म्हटलं असतं बाप्पा?

कापूसवाला: पुलगावहून रेल्वे पकड. आर्वी-पुलगाव छोटी गाडी होती तेव्हा...

आर्वीचा पोट्टा: एसटीनं जातो. खाली अजून एक ओळ आहे, 'द जॉब कॉल्स फॉर अ टू-व्हीलर'. म्हणजे गाडी कंपनी देते ना?

वऱ्हाडी मास्तर: नाही. कॉल फॉर म्हणजे गरज असणे. या कामाला गाडी लागते, तुझी.

आर्वीचा पोट्टा: संत्राभाऊ, ते बॉरोवालं पुन्हा सांगा बरं.